मीटर कुठे लावलाय?

हौशी रेडिओवाल्याची रिग दुकानातून येते; अँटेना मात्र बहुतेकांची घरीच बनते. साधा डायपोल घ्या. दोन बाजूंना ताणलेली तार, मधोमध इन्सुलेटर आणि तिथून खाली शॅकपर्यंत, म्हणजे रेडिओच्या खोलीपर्यंत, आलेली कोॲक्स केबल. लांबीचा हिशेब शाळकरी आहे. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागायचं, तारेची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. भारतात ४० मीटरचा बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ असा आहे. मधला ७.१ धरला तर उत्तर येतं २०.१४ मीटर. कागदावरचं काम इथे संपलं.

गच्चीवरचं काम इथे सुरू होतं. तिथे पाण्याची टाकी असते, सोलर हीटर असतो, स्लॅबमध्ये सळया असतात, केबलवाल्याने वाऱ्यावर सोडलेल्या वायरींचं जंजाळ असतं, आणि ‘एवढ्याच उंचीवर बांधा’ असं सोसायटीने बजावलेलं असतं. यातलं काहीच १४३ च्या हिशेबात बसत नाही. तार घरगुती वायरिंगची, पीव्हीसी चढवलेली असेल तर नुसत्या त्या आवरणापायी ती दोन-चार टक्के आखूड लागते. म्हणून जाणते लोक तार मुद्दाम जास्त ठेवतात, वर चढवतात आणि मग मोजून कमी करत जातात. प्रश्न एवढाच उरतो, की मोजायचं कशाने?

बरीच वर्षं याचं उत्तर होतं एसडब्ल्यूआर मीटर. रिग आणि केबल यांच्या मध्ये तो जोडायचा, कॅरिअर, म्हणजे नुसती अखंड लहर, सोडायचा आणि काटा बघायचा. रिगला पुढे ५० ओमचा भार हवा असतो. अँटेना त्याहून वेगळी निघाली की गेलेल्या शक्तीतली काही परत येते, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या लहरींच्या मेळातून एसडब्ल्यूआर हा आकडा ठरतो. तो १ असेल तर काहीच परत येत नाही. १.५ ला ४ टक्के शक्ती परतते, २ ला ११ टक्के, ३ ला २५. आकडे ऐकायला भयंकर वाटतात, पण एचएफवर (लघुलहरींवर), केबल चांगली असेल तर, परत आलेला बराचसा भाग पुन्हा वर जाऊन अँटेनातूनच बाहेर पडतो. खरी अडचण रिगची होते; एसडब्ल्यूआर वाढला की ती स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करते. १.३ चा १.१ करण्यात अख्खा रविवार घालवणारे लोक प्रत्येक क्लबात सापडतात. त्या खटपटीने पलीकडच्या स्टेशनला काडीचाही फरक कळत नाही.

एसडब्ल्यूआर मीटरचं मोठं दुखणं निराळं आहे. मोजायचं तर प्रक्षेपण करावं लागतं, आणि प्रक्षेपण करता येतं ते लायसन्समध्ये दिलेल्या बँडमध्येच. समजा ७.० ला २.५ दिसला, ७.२ ला ३.५. म्हणजे तार लांब आहे आणि तिचा तळ, म्हणजे सगळ्यात कमी एसडब्ल्यूआरची जागा, बँडच्या खाली कुठेतरी आहे. पण ती ६.९ ला आहे की ६.७ ला? तिथे जाऊन बघायची परवानगी नाही. म्हणून अंदाजाने वीतभर कापायचं, पुन्हा जिना उतरायचा, पुन्हा कॅरिअर सोडायचा आणि तेवढा वेळ दुसऱ्यांच्या गप्पांत शिट्टी वाजवायची.

अँटेना ॲनालायझरने ही कोंडी फोडली. त्याच्या पोटात स्वतःचा छोटा सिग्नल असतो, मिलिवॉटच्या आसपास किंवा त्याहून कमी. रिग लागत नाही, मोठं प्रक्षेपण होत नाही, बँडची हद्द आड येत नाही. हातात धरून गच्चीवर न्यायचा, थेट अँटेनाच्या मुळाशी लावायचा. बरेच हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, याच्याकडे ‘सुधारलेला एसडब्ल्यूआर मीटर’ म्हणून बघतात आणि तिथेच फसतात, पण ते पुढे येईलच.

हातात धरायच्या ॲनालायझरांमध्ये अनेक वर्षं अमेरिकेच्या एमएफजे कंपनीचा दबदबा होता. मार्टिन ज्यू यांनी १९७२ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या स्टार्कव्हिल गावी ही कंपनी काढली; २०२४ च्या मे महिन्यात तिने तिथलं उत्पादन थांबवलं. तिचा एमएफजे-२५९बी म्हणजे विटेएवढा डबा, दोन काटे, एक छोटा पडदा, आत पेन्सिल सेलांची रांग, आणि फ्रिक्वेन्सी फिरवायला मोठी चकती. १.८ ते १७० मेगाहर्ट्झ एवढा पल्ला. चकती फिरवत काटा कुठे खाली बसतो ते बघायचं. हाताला सवय झाली की हे काम फार सुखाचं असे. किंमत मात्र अडीचशे-तीनशे डॉलरच्या घरात, म्हणून आपल्याकडे तो बहुधा क्लबाचा असे आणि आळीपाळीने घरोघर फिरे. त्याच्या दोन मर्यादा होत्या. एक, त्यातले डायोड सगळ्याच फ्रिक्वेन्सींचं ऐकतात. जवळपास मध्यम लहरींचं जोरदार केंद्र असेल, उदाहरणार्थ मुंबईत मालाडच्या बाजूला राहणाऱ्यांना आकाशवाणीचं, तर अँटेनातून आलेला तो सिग्नलही मोजमापात घुसतो. दुसरी, रिॲक्टन्स किती आहे ते तो सांगे, पण इंडक्टिव्ह की कपॅसिटिव्ह ते सांगत नसे. म्हणजे अधिक की उणे हे आपणच चकती थोडी इकडे-तिकडे करून ताडायचं.

अधिक-उणे कळायचं तर सिग्नलची नुसती ताकद मोजून भागत नाही, गेलेल्या आणि परतलेल्या लहरींतला फेजचा फरकही मोजावा लागतो. हे काम करणारं प्रयोगशाळेतलं यंत्र म्हणजे व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर, थोडक्यात व्हीएनए. त्याची किंमत लाखांत. म्हणून २०१९ मध्ये चिनी विक्रेत्यांकडून ५० डॉलरच्या आसपास, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेतीन हजार रुपयांत, पत्त्याच्या जोडाएवढा ‘नॅनो-व्हीएनए’ मिळू लागला तेव्हा जुन्याजाणत्यांनी आधी नाकं मुरडली, आणि मग गुपचूप मागवला.

मूळ रचना जपानमधल्या एका अभियंत्याची. ‘ईडीवाय५५५’ या टोपणनावाने त्याने ती सर्वांसाठी खुली ठेवली होती. चीनमध्ये ‘ह्यूजेन’ नावाने वावरणाऱ्याने तिच्यात फेरफार केले आणि मग नकलांचा पूर आला. यंत्र एवढं स्वस्त का, हे त्याच्या पोटात डोकावलं की कळतं. त्यातला एकही मोठा चिप या कामासाठी जन्मलेला नाही. सिग्नल तयार करतो ‘एसआय५३५१’, जो मुळात डिजिटल उपकरणांना ठोके पुरवणारा क्लॉक चिप आहे. त्यातून दोन लहरी निघतात, एकमेकींपासून अगदी थोड्या, काही किलोहर्ट्झ अंतरावर. एक अँटेनाकडे जाते. परत आलेला सिग्नल आणि दुसरी लहर ‘एसए६१२’ या मिक्सरमध्ये मिसळतात. हा मिक्सर घरी रिसीव्हर बांधणाऱ्यांच्या जुन्या ओळखीचा. मिसळून उरतो तो दोघींतला फरक, म्हणजे चक्क कानाला ऐकू येईल असा स्वर. तो मोजायला मग महागडं काही लागत नाही. ते काम संगीत वाजवणाऱ्या उपकरणांतला एक ऑडिओ चिप करतो, आणि ताकद व फेज यांचं गणित एक साधा मायक्रोकंट्रोलर उरकतो. शेकडो मेगाहर्ट्झचं मोजमाप असं गाण्याच्या पट्टीत उतरवून घेण्यात या रचनेची सगळी हुशारी आहे. शिवाय मिक्सर फक्त आपल्याच फ्रिक्वेन्सीच्या आजूबाजूचं ऐकत असल्यामुळे मालाडच्या प्रक्षेपकाचा त्रास डायोडवाल्या डब्यापेक्षा कमी होतो.

स्वस्ताईची किंमतही याच रचनेत आहे. पहिल्या नॅनो-व्हीएनएचा क्लॉक चिप ३०० मेगाहर्ट्झपर्यंतच नीट चालतो. त्यापुढे, ९०० पर्यंत, यंत्र चौकोनी लहरीतल्या तिसऱ्या हार्मोनिकवर काम भागवतं. हार्मोनिक दुबळा, म्हणून आलेखही खरखरीत. दोन मीटरच्या बँडला, म्हणजे १४४ ते १४६ ला, त्याचा काही त्रास नाही. ४३५ मेगाहर्ट्झच्या यागी अँटेनावर काम करताना मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दशांशावर विसंबू नये. आणखी एक खोच अशी की मूळ यंत्र एका फेरीत फक्त १०१ ठिकाणी मोजतं. १ ते ३० मेगाहर्ट्झ असा पट्टा लावला तर दोन मोजमापांमध्ये २९० किलोहर्ट्झचं अंतर पडतं. बाल्कनीत बसणाऱ्या मॅग्नेटिक लूप अँटेनाचा तळ जेमतेम काही दहा किलोहर्ट्झ रुंद असतो. तो या फटीतून सहज निसटतो आणि पडद्यावर सरळ रेघ बघून माणूस लूप मोडीत काढतो. आधी पट्टा अरुंद करावा, मग निकाल द्यावा.

आपल्याकडेही या दिशेने काम झालंय. हैदराबादचे अशहर फरहान, कॉलसाइन व्हीयू२ईएसई, त्यांच्या स्वस्त ‘बिटएक्स’ ट्रान्सीव्हरमुळे जगभरच्या हॅमना ठाऊक आहेत. त्यांनी केलेला ‘अँटुइनो’ हा आर्डुइनोवर चालणारा ॲनालायझर एसडब्ल्यूआर दाखवतो, दुबळे सिग्नल मोजतो, फिल्टरचा आलेखही काढतो. फेज मात्र तो मोजत नाही. नॅनो-व्हीएनएच्या तुलनेत तेवढं कमी. पण सर्किट पूर्ण उघडं आणि समजेल असं आहे, त्यामुळे ज्याला यंत्र वापरण्याआधी ते कसं चालतं हे शिकायचंय त्याला मी अँटुइनोपासूनच सुरुवात करायला सांगेन.

आता मघाशी राहिलेली गोष्ट. ॲनालायझर ज्या टोकाला लावाल त्या टोकाचं सांगतो, अँटेनाचं नव्हे. मध्ये केबल असेल तर केबल आणि अँटेना मिळून जे काही दिसतं, ते तो सांगतो.

समजा दोन मीटर बँडची उभी अँटेना टॉवरवर आहे आणि खाली ३० मीटर आरजी-५८ केबल येते. १४५ मेगाहर्ट्झला एवढ्या आरजी-५८ मध्ये साधारण ६ डीबी जातात, म्हणजे वर पोचते ती फक्त पाव शक्ती. आता वाऱ्याने अँटेना तुटून पडली असं धरा. केबलचं वरचं टोक मोकळं, सगळी शक्ती तिथून परत. पण खाली येताना पुन्हा ६ डीबी जातात. जाऊन-येऊन १२ डीबी. खाली शॅकमध्ये ॲनालायझर एसडब्ल्यूआर दाखवतो सुमारे १.७. वर अँटेनाच नाही आणि खाली आकडा असा, की बरेच लोक समाधानाने मान डोलावतील. एसडब्ल्यूआर कमी म्हणजे अँटेना चांगली, या समजुतीला एवढं एक उदाहरण पुरेसं आहे. ५० ओमचा डमी लोड तर सगळ्या बँडवर १ दाखवतो आणि एकही स्टेशन मिळवून देत नाही. म्हणून अँटेनाचा आलेख कुठेही खोल न जाता सगळीकडे सपाट, देखणा दिसला तर आनंद मानू नये, संशय घ्यावा.

दुसरं उदाहरण एचएफचं. डायपोलच्या मुळाशी नेमकं ७० ओम आहे, रिॲक्टन्स शून्य. एसडब्ल्यूआर १.४. आता ७.१ मेगाहर्ट्झसाठी सात मीटर आरजी-५८ जोडा. या केबलमध्ये लहरीचा वेग प्रकाशाच्या ०.६६ पट असल्यामुळे ही बरोबर पाव तरंगलांबी होते. खाली मोजलं तर एसडब्ल्यूआर जवळपास तोच, १.४, पण ओम दिसतात ३६. अँटेना तीच. केबल चौदा मीटर केली, म्हणजे अर्धी तरंगलांबी, की पुन्हा ७० दिसायला लागतात. मधल्या लांबीला तर रिॲक्टन्सही उगवतो, जो अँटेनात मुळी नाहीच. पडद्यावरचे ‘आर’ (रोध) आणि ‘एक्स’ (रिॲक्टन्स) हे आकडे बघून वर कॉइल लावायची की कपॅसिटर, असा खल करणाऱ्याने आधी केबल किती लांब आहे ते विचारायला हवं.

स्मिथ चार्टवर हे सगळं एका नजरेत दिसतं. बेल लॅब्जमधल्या फिलिप स्मिथ यांनी १९३९ मध्ये हा गोल आलेख प्रसिद्ध केला. नॅनो-व्हीएनएच्या पडद्यावर तो बघून नवखे दचकतात आणि पहिल्याच दिवशी बंद करून टाकतात, ही खरंतर चूक आहे. वाचायला तीन गोष्टी पुरतात. मधोमध ५० ओम. डावं टोक शॉर्ट, उजवं टोक मोकळं. वरच्या अर्ध्यात इंडक्टिव्ह, खालच्या अर्ध्यात कपॅसिटिव्ह. तार लांब असेल तर हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा ठिपका वरच्या अर्ध्यात पडतो, आखूड असेल तर खालच्या. आणि मध्ये केबल आली की अख्खी आकृती केंद्राभोवती फिरते. अर्ध्या तरंगलांबीला एक पूर्ण फेरा.

यावरचा उपाय कॅलिब्रेशन हाच, आणि त्यासाठीच यंत्रासोबत तीन छोटी सोनेरी टोपणं मिळतात. एक मोकळं, एक शॉर्ट, एक ५० ओम. पहिली दोन दिसायला जुळी. आत बघितलं तर शॉर्टच्या मध्यभागी पिन असते, मोकळ्याच्या नसते. बहुतेक जण ही टोपणं यंत्राच्याच तोंडावर लावून कॅलिब्रेशन करतात. त्याऐवजी वापरायची केबल आधी जमिनीवर पसरून यंत्राला जोडायची आणि तिच्या दूरच्या टोकाला एकेक टोपण लावून कॅलिब्रेशन करायचं. मग ती केबल अँटेनाला जोडली की यंत्र खाली शॅकमध्ये असलं तरी मोजमाप वर, तारेच्या मुळाशी होतं. टोपणं एसएमए आणि केबलला पीएल-२५९, त्यामुळे मध्ये ॲडॉप्टर येतो; एचएफवर त्याने फारसं बिघडत नाही. पट्टा बदलला की कॅलिब्रेशन पुन्हा करायचं. केबल बदलली तर अर्थातच.

एवढं जमलं की तार कापणं हा उरतो साधा त्रैराशिकाचा भाग. तार २०.६ मीटर आहे आणि तळ ६.९३ ला दिसतोय. हवा ७.१ ला. २०.६ गुणिले ६.९३ भागिले ७.१, उत्तर २०.११. म्हणजे एकूण ४९ सेंटिमीटर कमी, दोन्ही बाजूंनी साडेचोवीस-साडेचोवीस. पक्कड मात्र लगेच चालवू नये. टोकाची तार तेवढी मागे दुमडून तारेलाच घट्ट पिळून बांधली तरी ती जवळपास कापल्यासारखीच वागते, आणि उद्या सीडब्ल्यूसाठी, म्हणजे मोर्ससाठी, तळ ७.०२ ला हवा झाला तर सोडवून परत लांब करता येते.

मोजताना एक चाचणी फुकटात होते. पडद्याकडे बघत केबल मुठीत धरायची आणि हात हळूहळू पुढे सरकवायचा. आलेख हलला तर केबलची बाहेरची जाळीही अँटेनाचं काम करतेय असं समजायचं. अशा अँटेनाचं मोजमाप दर वेळी निराळं येतं, आणि प्रक्षेपणाच्या वेळी शॅकमधले स्पीकर घुमतात. फेराइटच्या कड्यातून केबलचे काही वेढे घेऊन डायपोलच्या मुळाशी चोक लावला की आलेख जागेवर बसतो.

यंत्र अँटेनाला जोडण्याआधी केबलची मधली पिन आणि बाहेरची जाळी क्षणभर एकमेकींना टेकवावी. उन्हाळ्याच्या शेवटी, वळिवाचे ढग जमलेले असताना, लांब तारेवर स्थिर वीज साठते आणि ती यंत्राच्या नाजूक तोंडातून वाट काढते. फील्ड डेला शेजारच्या तंबूत कोणी प्रक्षेपण करत असेल तर यंत्र जोडूच नये. शंभर वॉटचा सिग्नल दहा मीटरवरून अँटेनात शिरला की साडेतीन हजारांचं यंत्र वाचेलच याची खात्री नाही.

अँटेना बाजूला ठेवली तरी या यंत्राचे उपयोग संपत नाहीत. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेलं कोॲक्सचं बंडल खरंच ३० मीटर आहे का? न उलगडता कळतं. एक टोक मोकळं ठेवायचं, दुसरं यंत्राला लावायचं आणि शून्याजवळून वर जाताना स्मिथ चार्टवरचा ठिपका पहिल्यांदा डाव्या टोकाला कधी पोचतो ते बघायचं. तिथे केबल पाव तरंगलांबीची झालेली असते. ०.६६ वेगाच्या केबलला हे १.६५ मेगाहर्ट्झच्या आसपास घडलं तर लांबी ३० मीटर. १.९ ला घडलं तर २६, आणि दुकानदाराशी बोलायला हातात मुद्दा आहे.

केबलमधली गळतीही याच पद्धतीने निघते. वरचं टोक अँटेनापासून सोडवून शॉर्ट करायचं, खाली रिटर्न लॉस, म्हणजे परतणारी शक्ती गेलेल्यापेक्षा किती डीबीने कमी आहे तो आकडा, वाचायचा आणि त्याचा निम्मा घ्यायचा. तेवढे डीबी केबलमध्ये एका वेळी जातात. ३० मीटर आरजी-५८ ला १४५ वर रिटर्न लॉस १२ च्या आसपास यायला हवा. हा आकडा नवी केबल चढवताना वहीत लिहून ठेवावा, कारण कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळे झाले की कनेक्टरच्या टेपखालून पाणी जाळीत उतरतं, तांबं काळं पडतं आणि गळती वाढते. गंमत अशी की त्या वेळी शॅकमधला एसडब्ल्यूआर वाढत नाही, उलट कमी होतो. १.५ होता तो १.२ दिसायला लागतो आणि मालक खूश होतो. वरचं टोक शॉर्ट करून मोजल्यावर रिटर्न लॉस १८ निघाला, तर केबल एका वेळी ९ डीबी खातेय आणि ५० वॉटमधले वर सहाच पोचताहेत. अशी केबल सुकवून उपयोग नसतो. नवी आणून, कनेक्टरवर आधी सेल्फ-फ्यूजिंग टेप आणि वरून साधी टेप असे दोन थर देऊन, आणि घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ देऊन, जूनच्या आत चढवावी लागते.